कोवळं ऊन, मुडदूस आणि आमच्या चिकूची मांडी



चार वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळची साडेनऊची वेळ. मी बस्तीतून दर्शन करून नुकतीच परतले होते. आतल्या खोलीत सून चिकूला अंघोळीनंतर कपडे घालत होती. चिकू म्हणजे माझा नातू, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बसवलं तर आधाराने बसतो, चालत नाही, बोलतो ते डोळ्यांनी. सुनेने पँट वर घेण्यासाठी त्याचा उजवा पाय उचलला आणि तो असा किंचाळला की माझ्या हातातली अक्षतांची डबी खाली पडली. मांडीचं हाड गुडघ्याच्या थोडं वर मोडलं होतं. पडला नव्हता, आपटला नव्हता, पाय फक्त उचलला होता.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कुणाच्या हातून पडला?" सून नाही नाही म्हणत राहिली. आणि मी, जिने दोन मुलं वाढवली, जिला आपण फार समजूतदार आहोत असं वाटतं, मी तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, जपून धरायला नको का?" ती काही बोलली नाही. प्लास्टर निघेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्या दोन महिन्यांत मी वाचायला बसले. बी.कॉम.ला असताना शिकलेली एक सवय अजून आहे, हिशेब जुळला नाही की मागच्या पानापासून तपासत यायचं. तशी मी मागे मागे जात पार साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडपर्यंत गेले. आज लिहिते आहे ती त्या वाचनाचीच गोष्ट.

आपल्या आज्या 'मुडदूस' म्हणायच्या तो रोग आठवतो? मूल सुकतं, पोट पुढे येतं, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात. इंग्रजीत त्याला रिकेट्स म्हणतात. लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० साली त्यावर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाच वर्षं आधी डॅनियल व्हिसलर नावाच्या विद्यार्थ्याने हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात त्यावर प्रबंध दिला होता. इंग्लंडमध्ये हा रोग इतका दिसायचा की बाकीचा युरोप त्याला 'इंग्रजी रोग'च म्हणू लागला. ग्लिसनच्या उपायांपैकी एक वाचून मला कसंतरीच झालं. वाकलेली हाडं सरळ व्हावीत म्हणून मुलाला पट्ट्यांनी बांधून टांगायचं. त्या काळच्या आया खोलीच्या दाराबाहेर उभ्या राहून काय करत असतील?

पुढे कारखाने आले, गिरण्या आल्या, कोळशाचा धूर आला. ग्लासगो, लंडन, मँचेस्टर इथल्या अरुंद गल्ल्यांत सूर्य दिसेनासा झाला आणि मुडदूस घरोघरी गेला. पोलिश डॉक्टर येंजेय श्न्यादेत्स्की यांनी १८२२ मध्येच लिहून ठेवलं होतं की शहरातल्या मुलांना हा रोग होतो, खेड्यातल्यांना फारसा होत नाही, तेव्हा मुलांना उन्हात न्या. कुणी मनावर घेतलं नाही. पुढे पॅरिसचे डॉक्टर त्रुसो कॉड माशाच्या यकृताचं तेल देत. ते लागू पडायचं, पण का ते कुणाला माहीत नव्हतं. मग कारणं शोधण्याची शर्यतच लागली. कुणी म्हणालं कोंदट हवा, कुणी घाण, कुणी वंश. पॅरिसच्या एका नामवंत डॉक्टरांनी तर आईबापांच्या गुप्तरोगामुळे मुलाची हाडं वाकतात असं ठासून सांगितलं. कारण माहीत नसलं की बोट घरातल्या माणसांकडे वळतं. हे वाचताना मला दवाखान्यातलं माझं वाक्य ऐकू येत होतं.

थिओबाल्ड पाम नावाचे एक मिशनरी डॉक्टर जपानमध्ये दहा वर्षं राहून इंग्लंडला परतले. तिकडे त्यांना मुडदूस दिसला नव्हता, इकडे मात्र गल्लीगल्लीत वाकडे पाय. त्यांनी आशियातल्या ओळखीच्या मिशनऱ्यांना पत्रं लिहून विचारलं, तुमच्याकडे हा रोग आहे का? उत्तरं आली तीही तशीच, लोक गरीब, अन्न साधं, घरं अस्वच्छ, तरी रोग नाही. १८९० मध्ये पाम यांनी लेख लिहिला की फरक आहे तो उन्हाचा. ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक, नुसत्या पत्रव्यवहारावर माणूस खऱ्या कारणाशी पोचला होता. पण पुढची तीस वर्षं त्या लेखाकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

मग १९१९ साल उजाडतं, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात कोंडून ओटच्या लापशीवर ठेवली, त्यांची हाडं वाकली, आणि कॉडचं तेल दिल्यावर ती बरी झाली. (प्राण्यांवरचे हे प्रयोग वाचताना आपल्याला त्रास होतो, मलाही झाला. पण घडलेला इतिहास गाळता येत नाही.) त्याआधी ग्लासगोच्या लेनर्ड फिंडले यांनीही पिल्लं कोंडून ठेवली होती आणि त्यांचा निष्कर्ष होता की हालचाल आणि मोकळी हवा न मिळाल्याने हा रोग होतो. लंडनवाले म्हणत आहार, ग्लासगोवाले म्हणत कोंडणं. वर्षानुवर्षं हा वाद चालला.

त्याच हिवाळ्यात बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाचे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. मैत्रिणींनो, ते कुठे काम करत होते ते वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. ओस्कार-हेलेने-हाइम. ते होतं अपंग मुलांवर उपचार करण्याचं आणि त्यांना शिकवण्याचं घर. युद्धाने उपाशी ठेवलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, मुडदुसाने वाकलेल्या चार मुलांना त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली ठेवलं. या दिव्यातून उन्हातला न दिसणारा अतिनील किरण निघतो. काही आठवड्यांनी एक्स-रे काढले तर हाडांच्या टोकांना चुना भरू लागलेला. नंतर त्यांनी मुलाच्या एकाच हातावर दिवा धरून पाहिला, आणि न धरलेल्या दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. ऊन आणि हाड यांचा हा दुवा जगाला अशा मुलांच्या घरात मिळाला. पुढे नाझींच्या काळात, ज्यू असल्यामुळे, या डॉक्टरांना जर्मनी सोडून इजिप्तला जावं लागलं.

आता हॅरिएट चिक यांच्याविषयी मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण बाईंचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. युद्धानंतर व्हिएन्ना शहर भुकेलं होतं. या ब्रिटिश संशोधिका लंडनहून तिथे गेल्या, बरोबरच्या सहकारीही बहुतेक स्त्रियाच. तिथल्या बालरुग्णालयाचे प्रमुख फॉन पिर्के यांचं मत होतं की मुडदूस हा जंतूंचा रोग आहे. तरी त्या गृहस्थांचा मोठेपणा असा की न पटणारा विचार तपासायला त्यांनी आपलं रुग्णालय उघडून दिलं. चिकबाईंनी १९१९ ते १९२२ अशी काही वर्षं तान्ह्या मुलांचं खाणं, वजन, एक्स-रे, ऋतू सगळं टिपून ठेवलं. हिवाळ्यात साध्या खाण्यावरची मुलं आजारी पडत. तेल दिलेली किंवा दिव्याखाली ठेवलेली बरी होत. उन्हाळ्यात व्हरांड्यात खाटा काढल्या की नुसत्या उन्हानेही बरी होत. म्हणजे तेलवाले खरे आणि ऊनवालेही खरे, दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत होते. चिकबाई पुढे १०२ वर्षं जगल्या.

त्या वस्तूला नाव मिळालं १९२२ मध्ये, अमेरिकेत. मॅकॉलम यांनी कॉडचं तेल तापवून त्यातून हवा सोडली, अ जीवनसत्त्व नष्ट झालं, तरी मुडदूस बरा होत राहिला. अ, ब, क ही अक्षरं आधीच दिलेली होती, म्हणून हे ड. विस्कॉन्सिनच्या हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं की अन्नावरच अतिनील प्रकाश टाकला तर त्यात ड तयार होतं. आडोल्फ विंडाउस यांना या वर्गातल्या पदार्थांच्या रसायनशास्त्रासाठी १९२८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत दुधात ड घालू लागले आणि मुडदूस जवळजवळ हटला.

पण ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ती गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. १९२२ मध्येच हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा एक निबंध इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी पाहणी केली होती ती कुठे? आपल्या नाशिकला! त्यांना दिसलं ते उलटंच. दूध-तूप खाणाऱ्या, पडदा पाळणाऱ्या बऱ्या घरांतल्या बायका-मुलांत हाडांचा हा रोग होता, आणि दिवसभर शेतात राबणाऱ्या, निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या गरिबांत नव्हता. बऱ्या घरातलं तान्हं मूल पहिले काही महिने अंधाऱ्या खोलीत, मुलगी वयात येते न येते तोच पडद्याआड. गरिबाचं मूल बांधावरच्या झोळीत, उन्हात.

हे वाचल्यावर मला माझी स्वतःची बाळंतपणं आठवली. माजघराच्या पलीकडची खोली, खिडकीला घोंगडी, शेक-शेगडी, डोक्याला फडकं, सव्वा महिना बाहेर पाऊल नाही. सासूबाईंनी ते सगळं मायेने केलं, त्यांच्या सासूबाईंनी त्यांचं तसंच केलं होतं. बाळाला मात्र त्या तेल लावून सकाळी सात वाजता अंगणात कोवळ्या उन्हात धरायच्या. आम्ही चिकूलाही तसंच धरत होतो. आणि इथेच आमचा हिशेब चुकला होता. ड तयार करणारा किरण सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच अडून जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा तो पुरेसा मिळतो, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या मधे. कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण हाडांसाठी त्यात फारसं काही नसतं. आणि खिडकीच्या काचेतून तर तो किरण येतच नाही. चिकूची खुर्ची आम्ही 'उजेडात बसू दे' म्हणून बंद काचेच्या खिडकीशी ठेवत होतो, नऊ वर्षं.

हे इथेच संपलं असतं तर सोपं होतं. पण चिकूसारख्या मुलांच्या बाबतीत ऊन हे एकच कलम नाही.

दुसरं कलम औषधाचं. चिकूला लहानपणापासून फिट्स येतात. त्यासाठी आधी फिनोबार्बिटोन आणि मग फेनिटोइन चालू होतं. १९६८ मध्ये जर्मनीत क्रूझे यांनी आणि १९७० मध्ये इंग्लंडमध्ये डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की ही जुनी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची हाडं मऊ पडतात. कारण ती यकृताला इतकं कामाला लावतात की औषधाबरोबर ड जीवनसत्त्वही लवकर मोडीत निघतं. नीट वाचा, याचा अर्थ फिट्सचं औषध बंद करायचं असा अजिबात नाही. ते अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. अर्थ इतकाच की अशा मुलाला ड जीवनसत्त्व नेहमीपेक्षा जास्त लागू शकतं आणि रक्त तपासून डॉक्टरांनी ते ठरवायचं असतं.

तिसरं कलम मला सगळ्यात जड गेलं. १८९२ मध्ये युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने मांडलं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडतं. भार पडला तर जाड, नाही पडला तर पातळ. जे मूल कधी उभंच राहिलं नाही त्याच्या मांडीच्या हाडाला जाड होण्याचं कारणच मिळत नाही. ग्लासगोच्या फिंडलेंचं म्हणणं मुडदुसाबाबत अपुरं ठरलं, पण चिकूच्या बाबतीत त्यात तथ्य निघालं. अमेरिकेत हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या ११७ मुलांची हाडं तपासली. नऊ वर्षांवरच्या, उभं न राहू शकणाऱ्या मुलांपैकी ९७ टक्के मुलांच्या मांडीच्या हाडाची घनता फारच कमी होती. दहा वर्षांवरच्या मुलांत २६ टक्के जणांचं कुठलं ना कुठलं हाड मोडून गेलेलं होतं. या मुलांचं हाड बहुतेकदा गुडघ्याच्या वरच मोडतं, आणि तेही कपडे बदलताना, कूस वळवताना, गाडीत बसवताना.

ते पान मी सुनेला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं नाही, फक्त म्हणाली, "आई, मला तेव्हाच माहीत होतं मी ओढलं नव्हतं." मी म्हटलं, "चुकलं माझं." दवाखान्यात म्हटलं होतं तेवढ्याच मोठ्याने म्हटलं, हेही बाहेरच्या खोलीत होते, मुलगा होता. पर्युषणात आपण सगळ्या जगाची क्षमा मागतो, स्वयंपाकघरात ती मागायला मला दोन महिने लागले.

मी हे हाडांचं गणित माझ्या भाषेत असं समजून घेतलं. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे चालू खातं. हृदय, स्नायू, मेंदू सगळे त्यावर चेक काढतात, म्हणून तिथली शिल्लक कमी झालेली शरीराला चालत नाही. हाडं म्हणजे मुदत ठेव. ड कमी असलं की खाल्लेल्या अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून नीट आत येत नाही, मग गळ्यातल्या छोट्या ग्रंथी ठेव मोडून चालू खातं भरत राहतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम अगदी नॉर्मल दिसतं आणि आत ठेव संपत आलेली असते. चिकूचं कॅल्शियम नॉर्मल होतं. ड तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं, ना डॉक्टरांना, ना आम्हाला.

नाचणी, तीळ, दूध, राजगिरा आपल्या घरात असतंच. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. चिकूला गिळायला त्रास होतो म्हणून आम्ही नाचणीचं सत्त्व काढून दाटसर देतो. पण ड मात्र शाकाहारी ताटात जवळजवळ नसतंच, ते ऊन किंवा औषध यातूनच यायचं.

आणि मग आपला प्रश्न, ते औषध कशापासून बनतं? मीही इथे अडले होते. माशाचं तेल तर नकोच. बाजारातलं डी-थ्री बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणातून, म्हणजे लॅनोलिनमधून बनतं. लोकर धुताना ते निघतं, त्यावर प्रक्रिया करून अतिनील प्रकाश टाकतात. डी-टू बनतं यीस्टपासून, आणि यीस्ट अनेक घरांत चालत नाही. हल्ली एका प्रकारच्या दगडफुलाच्या वर्गातल्या वनस्पतीसारख्या वाढीतूनही डी-थ्री काढतात. म्हणून गोडा मसाल्यातल्या दगडफुलातून ते मिळेल असं समजू नका, तितकं त्यात नसतं. औषध कॅप्सूलमध्ये असेल तर वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असू शकतं. थेंब किंवा पुडी घेतली तर तो प्रश्न टळतो. मी चातुर्मासात एका माताजींना विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, "नियम कुणी घेतलाय, तू का मुलाने?" मी म्हटलं, मी. "मग तू पाळ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. माझ्यासाठी मी दुपारचं ऊन घेते. चिकूसाठी लॅनोलिनचे थेंब येतात. तुमच्या घरी वेगळं ठरेल, ठरू दे, पण काय आहे ते माहीत असून ठरवा.

एक धोक्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मुडदूस परत येऊ नये म्हणून बाळांच्या दूध पावडरीत, पिठांत, तेलात सगळीकडेच ड घालत. १९५० च्या दशकात काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम जास्त होऊन ती आजारी पडू लागली, मग सरकारला प्रमाण कमी करावं लागलं. आपल्याकडे साठ हजार युनिटची पुडी मिळते, ती डॉक्टर साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. 'जीवनसत्त्वच आहे' म्हणून रोज देणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. एरवी निरोगी लहान मुलाला पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट आणि पुढे ६०० एवढीच शिफारस आहे. आपल्या मुलाला किती लागेल ते रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

उभं राहण्याचं काय? इंग्लंडमध्ये २००४ मध्ये २६ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उभं राहण्याच्या फ्रेममध्ये निम्म्या मुलांना नेहमीपेक्षा दीडपट वेळ ठेवलं. त्यांच्या मणक्याची घनता सुमारे ६ टक्क्यांनी वाढली, पायाच्या हाडाची मात्र वाढली नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण फ्रेम आणली की पाय मजबूत होतील असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही खूप आशा लावली होती. तरी आम्ही फ्रेम वापरतो. उभा राहिला की चिकू समोरच्या भिंतीपलीकडे बघतो, एरवी त्याला कंपाउंडच्या विटाच दिसतात.

गेल्या चार वर्षांत हाड पुन्हा मोडलेलं नाही. कपडे बदलताना आता दोघींनी मिळून करायचं, एकीने गुडघ्याखाली हात ठेवायचा आणि पाय ओढायचा नाही, फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलंय तसं. खिडकीजवळची खुर्ची गॅलरीत गेली. उन्हाळ्यात पाच-दहा मिनिटं, थंडीत जरा जास्त, हात-पाय उघडे, डोक्यावर टोपी. सूनबाईने गॅलरीच्या फरशीवर खडूने रेघा मारल्या आहेत, कुठल्या महिन्यात ऊन कुठपर्यंत येतं त्याच्या.

लिहिता लिहिता अकरा वाजले. ती आतून हाक मारते आहे, "आई, ऊन रेघेवर आलं." जाते.